उणे नंबर

नया बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात
दिवसभर मी उण्याचेच आकडे लिहितो :
उणे सव्वा, उणे अडीच, डावा डोळा उणे तीन.
भिंगांची रिकामी पाकिटं गंगवाल सेठ टाकून देतात,
ती मी घरी आणतो.
त्यांच्या पाठीवर माझा हिशेब.

शहाऐंशी हजार चारशे.

सांगायला एखादं आजारपण असतं तर बरं झालं असतं.
लोक हळहळले असते, कुणी चहा पाजला असता.
पण खरं म्हणजे एक कूलर. एक फोन, तो पडला,
मग दुसरा फोन. बुटांचे तीन जोड.
चुलतभावाच्या लग्नाला पुण्याला विमानानं गेलो,
कारण तिथं दर वेळी विचारतात,
"ग्वाल्हेर म्हणजे नक्की कुठं रे?"
आणि रविवारची बिर्याणी.
ती आणणारा दार वाजवायचा.
बहुधा त्यासाठीच मागवायचो.

किमान रक्कम भरा, बिल म्हणायचं.
किती सभ्य शब्द, किमान.
चार हजार तीनशे वीस भरले की महिनाभर झोप,
आणि पुढच्या बिलात आकडा तिथंच बसलेला,
साडेसातशेनं काय तो वाळलेला,
जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा, पण न गेलेला.

मग एका रात्री सात पाकिटं भरली.
पगार एकवीस. खोलीचं भाडं साडेपाच.
बँकेला नऊ, डोळे मिटून.
उरले साडेसहा, त्यात मी.
तेरा महिने लागतील, म्हणजे
अधिकमास धरून एक वर्ष.
अधिकात जावयाला वाण देतात म्हणे.
मी कुणाचाच जावई नाही, तेवढाच खर्च वाचला
असं वाटलं, मग आठवलं, वाण मलाच मिळालं असतं.

टेम्पो सोडला. शिंदे की छावनीपासून पायी.
(तीन जोड बूट अखेर कामी आले.)
जूनमध्ये कूलर विकला, गच्चीवर झोपलो,
रात्री दोनलाही फरशी तव्यासारखी.
कार्ड पिठाच्या डब्यात ठेवलं होतं, हाताशी येऊ नये म्हणून.
एकदा परातीला चिकटलेली कणीक त्यानंच खरवडली.
छान निघाली.
त्याच्याकडून फुकट मिळालेली ती पहिली गोष्ट.

एकट्यासाठी बाजारात काहीच कापलेलं नसतं.
छत्री मंडीत रामश्री म्हणायची,
"पूरी ले लो भैया, आधी गोभी कौन खाएगा?"
तरी सुरीनं गड्डा दुभंगायची,
कटकट करत, पण बरोबर मध्यातून.
उरलेला अर्धा कोण नेतं,
कधीतरी बघू, असं म्हणत मी निघायचो,
कारण सातच्या आत पोचलं तर
घरमालकाच्या पाण्यात बादली भरता यायची.

पौषातल्या धुक्यात शेवटचा हप्ता गेला.
बाकी : शून्य.
आमच्या धंद्यात या नंबराला प्लेन म्हणतात.
प्लेन काचेतून जग जसं आहे तसंच दिसतं,
लोक ती शोभेला लावतात.
मी दुकानाच्या आरशात पाहिलं. काही विशेष नाही.
दहा मिनिटांत फोनवर संदेश :
श्री. इंद्रपूरकर, अभिनंदन,
आपली मर्यादा दीड लाख करण्यात आली आहे.
तेरा महिन्यांत आडनाव त्यांना एकदाही जमलं नाही.
इंदापूरकर, म्हटलं मोठ्यानं. गंगवाल सेठनी वर पाहिलं.

संध्याकाळी मंडीत गेलो.
पूर्ण गड्डा घेता आला असता,
तोंडातून सवयीनं "आधी" गेलं.
आज बादलीची घाई नव्हती. थांबलो,
शेंगदाणे खात, समोरच्या बंद शटरला टेकून.
कुणीच आलं नाही.
साडेआठला रामश्रीनं दिवा विझवला,
तागडी पोत्यात गुंडाळली,
तो अर्धा फ्लॉवर उचलून
आपल्या पिशवीत टाकला आणि निघाली.

तिच्या घरी किती माणसं, विचारलं नाही.
मीही निघालो. रस्ता थोडा वेळ एकच होता.